परिचारिकेची पदवी आणि परदेशचे बोलावणे

वैनगंगा नदी आपला दक्षिणेचा मार्ग सोडून मार्कंड्याजवळ काही अंतर उत्तरेकडे वळते. या उत्तरवाहिनी वळणावर मार्कंडेश्वराची प्राचीन दगडी देवालये उभी आहेत आणि महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. देवालयांपासून थोड्याच अंतरावर चामोर्शी हे तालुक्याचे गाव आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला, त्यात हा तालुका गेला. धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल, कोठे मराठी, कोठे गोंडी, कोठे तेलुगू, तर पूर्व बंगालातून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या गावांतून बंगाली, अशी या भागाची ठेवण आहे. अशा गावाचा अमेरिकेशी काय संबंध, असे मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस वाटणे साहजिक आहे. परंतु गेल्या तीस वर्षांत विदर्भातील किती तरी घरांतील एखादा मुलगा अभियंता होऊन समुद्रापलीकडे गेला, आणि त्याच्यामागे त्याचे आप्तही जाऊ लागले. चामोर्शीसारखी गावे त्यास अपवाद राहिलेली नाहीत.

श्रोत्यांनी तेथील एक घर डोळ्यांपुढे आणावे. हे घर कल्पनेतले आहे. त्यातील पेच मात्र कल्पनेतला नव्हे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडिलांचे किराणा दुकान, थोरली मुलगी नागपुरास बी. एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात, धाकटा मुलगा दहावीत. मुलीचा मामा अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झालेला. तो तेथील नागरिक झाल्यावर २००६ साली त्याने आपल्या बहिणीसाठी स्थलांतराचा अर्ज केला. त्या वेळी ही मुलगी आईच्या मांडीवर होती. भारतातील भावाबहिणींच्या वर्गास तेथे पंधरा वर्षांहूनही अधिक काळ रांगेत थांबावे लागते. त्यामुळे अर्जाचा फेरा पुरा होऊन मुंबईच्या वकिलातीकडून मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा मांडीवरची मुलगी वीस वर्षांची झाली होती आणि तिच्या पदवीस दीड वर्ष उरले होते.

मामा म्हणतो, “ताई, सगळ्यांनी एकदमच या. मुलीस येथल्या कॉलेजात घालू. येथे नर्सला मान आहे आणि पगारही आहे.” आजी म्हणते, “पोरीने अडीच वर्षे रात्रपाळ्या केल्या, त्या काय पाण्यात घालायच्या?” वडिलांस वाटते, मुलगी मागे राहिली तर तिचा परवाना बुडेल. आईस दोन्ही खरे वाटते. आणि मुलीस कोणी विचारले, तर ती म्हणते की शेवटचे सत्र सोडावयाचे नाही, पण आईबापांवाचून नागपुरात एकटे राहावयाचेही नाही.

हा पेच सोडवावयाचा तर भावना काही वेळ बाजूस ठेवून दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत: परिचारिकेची पदवी ही वस्तू काय आहे, आणि परदेशाचा कायदा नेमके काय मागतो. पुष्कळ घरांत निर्णय होतो तो या दोहोंपैकी एकीचीही पुरती माहिती नसताना होतो.

परिचर्या म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे काम, ही समजूत आपल्याकडे फार दिवस घर करून होती. घरंदाज बायकांनी परक्यांची शुश्रूषा करावी, ही कल्पनाच एके काळी लोकांस सहन होत नसे. १९०९ साली पुण्यास सेवासदन सुरू झाल्यावर रमाबाई रानड्यांनी विधवा व गरजू स्त्रियांस ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास धाडले. त्यांना त्या वेळी जे बोल ऐकावे लागले त्यांची कल्पना आजच्या पिढीस येणार नाही. पुढे १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे या विषयाची पदवी देण्यास प्रारंभ झाला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आता राज्यातील ही पदवी आहे.

बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेतलेल्या मुलीस हा अभ्यास चार वर्षे करावा लागतो. २०२१ च्या नव्या नियमांपासून त्याची आठ सत्रे झाली आहेत. पुस्तकी भाग इतर पदव्यांसारखाच आहे. वेगळेपण आहे ते रुग्णशय्येजवळच्या तासांत. औषधोपचाराचा कक्ष, शस्त्रक्रियेचा कक्ष, प्रसूतिगृह, बालरुग्ण, मनोरुग्ण आणि गावपातळीवरील सेवा, या प्रत्येक ठिकाणी ठराविक तास भरावे लागतात. नागपूरच्या मुलींचा मनोरुग्णांचा अनुभव बहुधा तेथील प्रादेशिक मनोरुग्णालयात होतो. वर्गातील हजेरी शेकडा ऐंशी असली तर परीक्षेस बसता येते. पण पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्यक्ष कामाची हजेरी शेकडा शंभर भरलेली असावी लागते. आजारपणात चुकलेली पाळीसुद्धा पुढे भरून द्यावी लागते. या पदवीत अर्ध्याला अर्धे गुण मिळत नाहीत, असे म्हणतात ते याच अर्थाने. पदवीनंतर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद झाली, म्हणजे ती स्त्री नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका झाली. त्याआधी ती कायद्याच्या दृष्टीने केवळ विद्यार्थिनी असते, मग तिने कितीही बाळंतपणे पाहिलेली असोत.

आता अमेरिकेचे पाहू. तेथे परिचारिकेचा परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचे परिचर्या मंडळ देते. परंतु परीक्षा सर्वत्र एकच आहे. तिला एनक्लेक्स म्हणतात. ती संगणकावर घेतली जाते. एका प्रश्नाचे उत्तर जसे यावे त्यावरून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड येतो. २०२३ पासून तीत कमीत कमी ८५ व जास्तीत जास्त १५० प्रश्न असतात आणि वेळ पाच तासांचा असतो. तिचे केंद्र मुंबईसही आहे, म्हणजे या परीक्षेसाठी विमानात बसण्याचेही कारण नाही. मात्र परीक्षेस बसावयाची परवानगी मिळण्यापूर्वी परदेशात शिकलेल्या उमेदवाराचे शिक्षण तपासले जाते. तपासणारी संस्था मुलीने दिलेली गुणपत्रके मानीत नाही. ती महाविद्यालयाकडून अगर विद्यापीठाकडून परभारे मागविते. आणि पाहते ते हे, की औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालके व मानसिक आजार या शाखांत वर्गातील किती तास झाले व रुग्णालयातील किती झाले. एखाद्या शाखेत उणीव निघाली तर ती भरून काढल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि तेथे जाऊन एकाच शाखेची उणीव भरून देणारे महाविद्यालय शोधणे हे फार जिकिरीचे काम आहे.

यावरून उघड होते की, अडीच वर्षे शिकून निघून आलेली मुलगी या दारापर्यंतही पोहोचत नाही. परदेशी पदवीधर म्हणून तिचा अर्ज घेताच येत नाही, कारण ती पदवीधर नाही. तेथील महाविद्यालयात प्रवेश घेऊ म्हटले, तर शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारख्या विषयांचे काही गुण क्वचित मान्य होतात. परंतु रुग्णालयातील शिक्षण बहुतेक ठिकाणी मुळापासून करावे लागते. प्राथमिक विषय आधी पुरे करावयाचे, मग परिचर्येच्या प्रवेशासाठी रांग, मग दोन वर्षांचा किंवा अधिक काळाचा क्रम. म्हणजे दीड वर्ष वाचविण्यासाठी निघालेल्या मुलीची तीन-चार वर्षे जातात. मधल्या काळात तिला लगेच मिळण्याजोगे काम म्हणजे परिचर्या साहाय्यिकेचे. त्याचे शिक्षण केंद्राच्या नियमाप्रमाणे कमीत कमी ७५ तासांचे असते, आणि काम वृद्धाश्रमांतून वृद्धांस न्हाऊ घालणे, कूस वळविणे, भरविणे असे असते. हे काम हलके नव्हे, आणि ते करणाऱ्या बायकांविषयी येथे अनादर मुळीच नाही. पण नागपूरच्या अतिदक्षता कक्षात काम शिकलेल्या मुलीने तेच काम वर्षानुवर्षे करीत राहावे, यात तिचे शहाणपण दिसत नाही.

मामाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. स्थायी रहिवासाचा परवाना हाती असलेल्या विद्यार्थ्यास तेथे केंद्र सरकारचे शिक्षणसाहाय्य मागता येते, आणि एखाद्या राज्यात ठराविक काळ, बहुधा वर्षभर, वास्तव्य झाले की त्या राज्याच्या सार्वजनिक महाविद्यालयात कमी दराने फी पडते. म्हणून मुलगी पहिल्या वर्षात असती, तर उत्तर निराळे आले असते. तेथे जाऊन, तेथल्या पद्धतीने, तेथल्या इंग्रजीत शिकणे हे त्या मुलीच्या हिताचेच ठरले असते. परकीय कागदपत्रांच्या तपासणीचा सारा जाच टळला असता. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर असलेल्या मुलीचा निर्णय खरोखर कठीण आहे; तेथे घरची सांपत्तिक स्थिती व मुलीचा स्वभाव पाहावा लागेल. तिसरे वर्ष लागले की मात्र तराजूचे पारडे एका बाजूस स्पष्ट झुकते.

चामोर्शीच्या बाजूस आणखी एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. परिचर्येचे सर्वच अभ्यासक्रम परदेशी सारखे मानले जात नाहीत. साहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे ए. एन. एम., हा दोन वर्षांचा क्रम खेड्यांतील उपकेंद्रांसाठी फार मोलाचा आहे, परंतु त्याच्या बळावर वर सांगितलेल्या परीक्षेस बसता येत नाही. तीन वर्षांची जी. एन. एम. पदविका मात्र पुष्कळ राज्यमंडळे ग्राह्य धरतात. महाविद्यालयास परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे तर प्रवेश घेतानाच पाहावयाचे असते. तेव्हा न पाहिलेले पुढे सातासमुद्रापार जाऊन निस्तरता येत नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न: मुलगी मागे राहिली तर परवाना बुडेल काय? येथेच सर्वांत अधिक गैरसमज आहे, म्हणून हा भाग थोडा सावकाश पाहिला पाहिजे.

आईच्या अर्जावर मुलांस मिळणारा हक्क हा मूल एकवीस वर्षांखालील व अविवाहित असेपर्यंतचा आहे. अर्जाचे काम कचेरीच्या दिरंगाईमुळे वर्षानुवर्षे पडून राहिले तर मुलांचे वय उलटून जाई व ती गाळली जात; म्हणून २००२ साली तेथे एक कायदा झाला. त्याप्रमाणे मूळ अर्ज मंजूर होईपर्यंत जेवढा काळ गेला तेवढा मुलाच्या वयातून वजा करतात, मात्र क्रमांक लागल्यापासून एक वर्षाच्या आत पुढची हालचाल केली पाहिजे. विवाहाची अट मात्र कोणत्याही हिशेबाने सुटत नाही. “जाण्यापूर्वी मुलीचे उरकून टाकू” म्हणणारे आप्त चामोर्शीत काय आणि पुण्यात काय, सर्वत्र भेटतात. अशा घाईने मुलीचा हक्क त्याच दिवशी संपतो, हे त्यांस कोणी तरी सांगावयास हवे.

मुलाखत होऊन स्थलांतराचा व्हिसा मिळाला, की तो साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक चालत नाही. त्या मुदतीत एकदा अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवले पाहिजे. पण पाऊल ठेवणे म्हणजे तेथेच राहून जाणे नव्हे. एकदा प्रवेश झाला म्हणजे मुलगी स्थायी रहिवासी झाली. त्यानंतर ती शिक्षणासाठी परत येऊ शकते. सलग एक वर्षापेक्षा अधिक काळ बाहेर राहावयाचे असेल, तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना मागावा लागतो. तो अर्ज तेथे असतानाच करावयाचा असतो, भारतातून करता येत नाही. काही आठवड्यांनी बोटांचे ठसे देण्याचे बोलावणे येते. ते ठसेही तेथेच द्यावे लागतात. ठसे दिल्यावर मुलगी परत निघू शकते, आणि परवाना तयार झाल्यावर तो मुंबईच्या वकिलातीतून घेण्याची सोय अर्जातच मागता येते. हा परवाना दोन वर्षांपर्यंतचा मिळतो. कल्पनेतल्या आपल्या मुलीस दीड वर्ष हवे आहे. हिशेब त्यात सहज बसतो.

म्हणजे ‘पदवी की कुटुंब’ असा जो प्रश्न घरात रात्री जागवून चालला होता, तो मुळात त्या रूपात नव्हताच. प्रश्न होता तो सुटीचे आठवडे जुळविण्याचा. मुलीने सत्र संपताच घरच्यांबरोबर जावे, त्याच आठवड्यात अर्ज करावा, ठसे देऊन परत यावे. या प्रवासास जो काळ लागेल तो हजेरीत तुटता कामा नये, म्हणून प्राचार्यांस आधी लेखी कळवून ठेवावे. पाळ्या चुकल्याच तर त्या पुढे भरून देण्याची परवानगी अगोदर घेतलेली बरी. परत आल्यावरही आपले खरे घर तेथे आहे याचा पुरावा राखावा: तेथील बँकेतील खाते, आईवडिलांच्या घराचा पत्ता, आणि रहिवासी या नात्याने दरवर्षी भरलेले प्राप्तिकराचे विवरण. नागरिकत्वासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या गणनेस अशा दीर्घ गैरहजेरीने खंड पडतो, हा तोटा मात्र पत्करावा लागतो. दोन वेळचे विमानभाडे हाही तोटाच. चामोर्शीच्या दुकानदारास तो जाणवल्यावाचून राहणार नाही. तरी चार वर्षे पुन्हा शिकण्याच्या खर्चापुढे तो थोडा आहे.

एक लाभ असा की, नोकरीच्या जोरावर जाणाऱ्या परदेशी परिचारिकांस व्हिसासाठीच आपल्या शिक्षणाचे व इंग्रजीचे निराळे प्रमाणपत्र मिळवावे लागते. कुटुंबाच्या नात्याने गेलेल्या मुलीस व्हिसासाठी त्याची गरज नसते. राज्यमंडळ परवान्यासाठी इंग्रजीची परीक्षा मागेल तेवढी द्यावी लागते. आखाती देशांत जाणाऱ्यांस बहुधा दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि इंग्लंडात संगणकावरील परीक्षेनंतर तेथे जाऊन प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा द्यावी लागते; परंतु पुरी झालेली पात्रता व स्वदेशातील नोंदणी यांवाचून तेथेही दार उघडत नाही.

पदवीसाठी घर दोन खंडांत विभागले जाणे हे महाराष्ट्रास नवे नाही. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून एकट्या निघाल्या तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते, आणि पती गोपाळराव मागेच राहिले होते. त्या काळी पत्र पोहोचण्यास आठवडेच्या आठवडे लागत. प्रकृती खालावत असताही त्यांनी शिक्षण अर्ध्यावर टाकले नाही. १८८६ च्या मार्चात फिलाडेल्फियास त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी त्यांचा अंत झाला. म्हणून एकटेपणाची व प्रकृतीची किंमत काहीच नसते, असे त्यांच्या उदाहरणावरून कोणी म्हणू नये. नागपूरच्या वसतिगृहात रात्रपाळी करून आलेल्या मुलीस रोज पडद्यावर आईचे तोंड दिसते हे खरे, पण ताप आला तर पाणी देणारे कोणी जवळ नसते हेही खरे. आजीस दीड वर्ष मागे ठेवून तिच्याजवळ मुलीचे सुटीचे घर राखता आले तर पाहावे. पुष्कळ घरांत म्हाताऱ्यांस परदेशी जाण्याची हौस नसतेच; त्यांच्या या अनिच्छेचा येथे उपयोग होतो.

याच जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी नागपूरचे वैद्यकीय शिक्षण पुरे केले, १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि परत येऊन गडचिरोलीत कामास आरंभ केला. खेड्यातील बायकांस शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली व पुढे देशभर स्वीकारली गेली. सर्वांनी परत यावे असे कोणावर बंधन घालता येत नाही. पण आदिवासी भागात दर तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावे असा सरकारी दंडक आहे, आणि त्या उपकेंद्राचा सारा भार नर्सबाईवर असतो. हिवताप, सिकलसेल, सर्पदंश, अवघड बाळंतपण, हे सारे प्रथम तिच्या दारी येते. शेवटच्या सत्रांतील गावपातळीवरील सेवा आणि आंतरवासिता याच कामाशी मुलीची गाठ घालून देतात. ती पुढे न्यू जर्सीत गेली तरी सिकलसेलच्या रुग्णाची वेदना ओळखण्यास तिला कोणी शिकवावे लागणार नाही. तो आजार तेथेही आहे.

मुलीने निकालानंतर लगेच विमान पकडू नये. पदवीचे प्रमाणपत्र, परिषदेची नोंदणी, प्रत्येक शाखेतील तासांचा तक्ता आणि कामाची नोंदवही या चार गोष्टी हातात आल्यावाचून निघालेल्या मुली पुढे वर्ष-वर्ष महाविद्यालयास पत्रे लिहीत बसतात, आणि चामोर्शीहून नागपूरला खेपा घालण्यास तोवर घरात कोणी उरलेले नसते. तासांच्या तक्त्यावर प्राचार्यांची सही व शिक्का घेताना नावाचे स्पेलिंग पासपोर्टातल्याप्रमाणेच आहे, एवढे तेथल्या तेथे पडताळून घ्यावे.